तुम्ही विचारलंत म्हणून: किती खर्च आला

३१,४६० रुपये.

लिफ्टमध्ये विचारलंत, सोसायटीच्या मीटिंगनंतर चहा पिताना विचारलंत, मेव्हण्याकडे सत्यनारायणाला गेलो तर तिथे प्रसादाचा शिरा हातावर ठेवता ठेवता विचारलंत, की त्या उंदराच्या कॅन्सरवर किती खर्च आला. दर वेळी मी 'झाला थोडाफार' म्हणून विषय बदलला. तीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलेल्या माणसाची 'थोडाफार' म्हणताना जीभ अडखळते. वही आहे माझ्याकडे. त्यात टॅक्सीचेच सहा हजार सातशे आहेत, कारण नेरूळहून चेंबूरला पाच खेपा झाल्या, आणि जुलैत वाशीच्या खाडीपुलाअलीकडे गाडी कशी तुंबून राहते ते तुम्हाला सांगायला नको.

आणि उंदीर नव्हे, गिनीपिग. नाव चिंगी. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी तुम्ही हसता. हसा. पहिल्या वर्षी मीही उंदीरच म्हणायचो. मुलीने दोघी बहिणी आणल्या, मुलगी नोकरीला हैदराबादला गेली, दोघी इथेच राहिल्या. तुमच्याकडे मुलाची ट्रेडमिल राहिली, आमच्याकडे चिंगी आणि ठमी.

तुमचा पुढचा प्रश्नही मला पाठ आहे: माणसांना उपचार मिळत नाहीत, आणि तुम्ही? गेल्या वर्षी हॉलचा एसी बदलला, याहून जास्त गेले. तेव्हा कोणी माणसांची आठवण काढली नाही. बरं, हे मी फार चिडून लिहितोय असं बायको म्हणते. तिचं बरोबर आहे. पैशांवरून बोल लावलात तर मला फारसं काही वाटत नाही. ज्यावरून लावायला हवा होता ते कोणी विचारतच नाही, म्हणून चिडचिड होते.

दोन वर्षांपूर्वी ठमीच्या पाठीच्या टोकाशी, जिथे शेपूट असायला हवी तिथे, एक गाठ आली. ट्रायकोफॉलिक्युलोमा. नाव भयंकर असलं तरी केसांच्या मुळाशी होणारी साधी गाठ. गिनीपिगांच्या कातडीवर ज्या गाठी येतात त्यांत हीच सगळ्यात जास्त. आत पांढरा दाट लगदा. काढली, टाके पडले, आठवड्यात ठमी पूर्ववत ढोबळी मिरचीवर तुटून पडली. या एका अनुभवावर मी तज्ज्ञ झालो. मे महिन्यात चिंगीच्या जबड्याखाली हाताला काही लागलं, भिजवलेल्या राजम्याच्या दाण्याएवढं, दोन्ही बाजूंना एकेक, तेव्हा मी मुलीला फोनवर सांगितलं, "काही नाही गं, ठमीला होती तसलीच." दोन्ही बाजूंना सारखी गाठ का येईल, हा प्रश्न पडायला मला सहा रविवार लागले.

रविवार म्हणतो कारण दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघींचं वजन होतं. हा प्राणी आजार लपवतो. समोरून टुणटुणीत दिसतो आणि आधी वजनात उतरतो. १,०४० ग्रॅम. १,०२५. ९९०. ९७०. मीच लिहिलेले आकडे, माझ्याच अक्षरात. बाजूला शेरा: 'उन्हाळा'. ऑफिसात कोणी असा शेरा मारून तूट पुढच्या महिन्यात ढकलली असती तर मी त्याला केबिनमध्ये बोलावलं असतं.

मग जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. कुठला ते विचारू नका, सांगणार नाही. डॉक्टर सज्जन आहेत, कुत्र्यामांजरांना त्यांचा हात चांगला आहे. त्यांनी गाठी चाचपल्या, पू असेल म्हणाले. तेही चूक म्हणता येत नाही. गिनीपिगांच्या गळ्याखाली स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने पुवाच्या गाठी होतात. पण त्यांनी लिहून दिलेलं औषध होतं ॲमॉक्सिसिलिन, तोंडावाटे. पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध गिनीपिगच्या पोटात गेलं की आतड्यातले चांगले जंतू मरतात, नको ते माजतात आणि काही दिवसांत जनावर जातं. हे मला ठमीच्या वेळेपासून ठाऊक होतं. मी तसं म्हणालो. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "काका, मग तुम्हीच करा ना उपचार." औषध बदलून दिलं, पण खोलीतली हवा बदलली ती बदललीच.

हे सांगायचं कारण पुढे आहे.

दुसऱ्या औषधाने गाठी हलल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, एक उघडून बघू, गुरुवारी दहाला आणा. बुधवारी संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला: "रात्री बारानंतर खाणं बंद ठेवा हां. पाणीसुद्धा."

गिनीपिगला उलटी होत नाही. भूल देण्याआधी कुत्र्याला उपाशी ठेवतात ते उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. इथे तो प्रश्नच नाही. उलट हिचं पोट सतत चालू राहावं लागतं. गवत आत जात राहिलं तर आतडं सरकतं, थांबलं तर आतडंही थांबतं. मला हे माहीत होतं. ॲमॉक्सिसिलिनचं जितकं माहीत होतं तितकंच हेही. तोंडाशी वाक्य आलं होतं. आणि मला तो चष्मा दिसला. पुन्हा शहाणपणा दाखवला तर गुरुवारी हे तिला हात तरी नीट लावतील का, असा विचार मनात आला. मी "बरं" म्हणालो.

बारा वाजता पिंजऱ्यातलं गवत काढलं. ठमीला वेगळं ठेवावं लागलं, नाहीतर दोघी एकमेकींपुढचं खातात. तिला बाल्कनीच्या दाराशी प्लास्टिकच्या टबात ठेवलं, गवतासकट. चिंगीला तिच्या चघळण्याचा आवाज ऐकू येत होता. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल, कोरड्या पाचोळ्यावरून कोणी सावकाश चालत असल्यासारखा असतो, रात्रभर. चिंगी जाळीला पुढचे पाय टेकवून उभी राहिली. शीळ घातली. फ्रिज उघडला की घालतात ती, वर चढत जाणारी. फ्रिज बंद होता. मी सोफ्यावर बसून होतो. दोन वाजता उठलो, गवताची मूठ हातात घेतली, जाळीपर्यंत गेलो आणि परत आलो. त्यांनी सांगितलंय, नियम असेल काहीतरी, असं मनात म्हणत परत आलो. त्या मुठीतलं गवत सकाळी सोफ्याच्या फटीत सापडलं.

गुरुवारी दहाचे एक वाजले, कारण मध्येच गाडीखाली आलेला एक कुत्रा आणला. त्याला आधी घ्यायलाच हवं होतं. तेरा तास झाले होते. गाठ उघडली, पू नव्हता. तुकडा तपासायला पाठवला, टाके घातले. घरी आली ती कोपऱ्यात फुगून बसली. कोथिंबीर नाकाशी धरली, तोंड फिरवलं. रात्री पिंजऱ्यात एकही लेंडी नाही. ज्या पिंजऱ्यातून रोज सुपलीभर निघतात तिथे पांढरं फडकं स्वच्छ. स्वच्छ फडकं बघून माझे हातपाय गळाले.

शुक्रवारी चेंबूर. तिथल्या डॉक्टरबाई फक्त पक्षी, कासवं, ससे, गिनीपिग असेच प्राणी बघतात. पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग विचारलं, "हिला उपाशी कोणी ठेवलं?"

"मी."

दवाखान्याचं नाव घेता आलं असतं. पण गवत मी काढलं होतं.

मग चार दिवस दर तीन तासांनी पिचकारीने भरवणं. भरवायची पावडर येईपर्यंत तिच्याच दाण्यांची पेज, कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढलेली. बायको चार वर्षं त्यांना 'तुझे उंदीर' म्हणत आली होती. तिने न बोलता चटणीचं भांडं काढून दिलं. आता त्यात चटणी होत नाही, नवीन भांडं आणलं. (३८० रुपये. वहीत आहे.) एक मिलीची पिचकारी, पुढच्या दातांच्या मागे बाजूने सरकवायची, थेंबथेंब, ती चघळेपर्यंत थांबायचं. दहा मिली जायला पाऊण तास. घाई केली तर श्वासात जातं. चौथ्या दिवशी पहाटे पाचला पहिल्या लेंड्या दिसल्या, तांदळाएवढ्या, वाळलेल्या. मी मुलीला त्यांचा फोटो पाठवला. तुम्ही याला वेड म्हणाल. त्या पहाटे मी पगारवाढीच्या पत्राचाही फोटो पाठवला नसता.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. रक्तातही पसरलेला. डॉक्टरबाईंनी स्टिरॉइडचा पर्याय सांगितला आणि थोडे आठवडे, असंही स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनच्या गुरुवारपासून मोजले तर तेवीस दिवस मिळाले.

मी त्यांना दोनदा विचारलं, उपासाने काय फरक पडला? दोन्हीदा म्हणाल्या, आजार तोच होता, शेवट तोच झाला असता. मानतो. पण तेवीसातले चार दिवस कोणी खाल्ले ते मला ठाऊक आहे. मग दुसरं मन म्हणतं, गाठी मे महिन्यातच दाखवल्या असत्या तरी काय केलं असतंस? फक्त आधी कळलं असतं, आणि मे-जूनमध्ये ती जशी निवांत पडून राहिली, तशी तू राहू दिली नसतीस. हे मन सोयीचं बोलतं म्हणून त्याच्यावर माझा विश्वास नाही. सोयीचं बोलणारं नेहमी खोटंच बोलतं असंही नाही, ही अडचण.

पिचकारीच्या त्या रात्रींत फोनवर बरंच वाचलं. १९५३ मध्ये अमेरिकेत जॉन किड नावाच्या संशोधकाला दिसलं की गिनीपिगच्या रक्तातला द्रव टोचला की उंदरांमधल्या लिम्फोमाच्या गाठी विरघळतात. त्या रक्तात एक एन्झाइम असतं, ॲस्परजिनेज. पुढे ते जंतूंपासून बनवायला लागले, आणि रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना ते औषध आजही देतात. हे नाव मी आधी कुठे वाचलं होतं ते लगेच आठवलं. २०११ साली, परळला टाटामध्ये, मेव्हण्याच्या मुलाच्या केसपेपरवर. सहा वर्षांचा होता. आता इंजिनीअरिंगला आहे, त्या सत्यनारायणाला केळीचे खांब त्यानेच बांधले होते. 'त्या उंदरावर किती घातलेस रे?' हे तिथे त्याच्या बापानेच विचारलं होतं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर वाद जिंकल्यासारखं झालं असतं, आणि त्या पोराचा आजार असल्या वादात वापरायचा नसतो. आज लिहितोय म्हणजे वापरलाच म्हणा.

ते एन्झाइम चिंगीच्याही रक्तात असणारच. तिला उपयोग झाला नाही.

शेवटच्या दिवसाचं थोडक्यात सांगतो. श्वास घेताना कुशी आत ओढल्या जायला लागल्या. परत चेंबूर. आधी मास्कने भूल दिली, मग इंजेक्शन. मी तिला जुन्या पंच्यात धरलं होतं. घरी आणून, डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे, ठमीपुढे ठेवलं, तिला कळावं म्हणून. ठमीने कान हुंगला, कानाच्या मागे दोनदा चाटलं आणि वळून गवत खायला लागली. मला तिचा राग आला. दहा मिनिटं खरंच आला.

आता तुमचा नवीन प्रश्न: दुसरी आणणार का? हा प्राणी एकटा राहत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा ठेवणं कायद्याने बंद आहे. आणली की ठमीनंतर ती एकटी, मग तिच्यासाठी तिसरी. मी अठ्ठावन्नचा. बायको म्हणते, आण. हे मला अजून पचलेलं नाही.

काल रविवार. ठमी १,०१२ ग्रॅम, मागच्यापेक्षा अठ्ठावीस कमी. जबड्याखाली दोन्हीकडे चाचपलं. डावीकडे काही लागल्यासारखं वाटलं, मग वाटलं नाही, मग बायकोला चाचपायला लावलं, तिलाही ठरवता येईना. शेऱ्याची जागा कोरी सोडली आहे. मंगळवारी सकाळी नऊची वेळ मिळाली. स्टेशनबाहेरच्या फुलवाल्याला दूर्वांच्या दोन जुड्या सांगून ठेवल्यात, टोपलीत घालून न्यायला. पुलावर गाडी अडकली तर वाटेत खाईल.