पट्टीतली आठ चित्रं

कार्यालयातल्या संगणकांवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली तेव्हा अपग्रेडच्या अहवालात एकही तक्रार नव्हती. सगळं यशस्वी. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी विभागातल्या ताईंचा फोन आला. "माझी खालची पट्टी मोकळी झालीय. मला काहीच सापडत नाहीये."

ताईंची दृष्टी फार अधू आहे. मोठं केलेलं अक्षर त्या डोळे पडद्याला लावून वाचतात, पण प्रोग्रॅम उघडायला त्यांना वाचावं लागत नाही. खालच्या जाड पॅनलवर चार वर आणि चार खाली अशी आठ चित्रं होती, प्रत्येकाची जागा हाताला पाठ. वर दुसरं म्हणजे स्क्रीन मोठी करणारं भिंग, खाली पहिलं म्हणजे नोंदवही. अपग्रेडनंतर त्या जागी नुसता राखाडी पट्टा उरला होता. भिंगाचं बटणही त्यातच गेलं, म्हणजे काय बिघडलंय ते मोठं करून बघायचीही सोय उरली नाही.

मी पोचलो तेव्हा आमचा एक सहकारी तिथे आधीच उभा होता. त्याचा उपाय ठरलेला: होम फोल्डरमधलं लपवलेलं पॅनलचं फोल्डर आणि पॅनलच्या सेटिंगची फाइल उडवा, लॉगआउट करा, पॅनल कोरं येतं. येतंच. आणि म्हणूनच हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. पण कोरं पॅनल म्हणजे आमच्या दृष्टीनं दुरुस्त झालेला संगणक आणि ताईंच्या दृष्टीनं अनोळखी संगणक. मी त्याला हात लावू दिला नाही. त्यावरून तो नाराज झाला. अजूनही त्याचं म्हणणं आहे की मी एका पट्टीपायी सकाळ घालवली.

आधी नवा वापरकर्ता तयार करून लॉगिन केलं. त्याचं पॅनल ठणठणीत. म्हणजे दोष प्रणालीत नव्हता, ताईंच्या जुन्या मांडणीची आणि नव्या आवृत्तीची गाठ पडत नव्हती. अपग्रेड होम फोल्डरला शिवत नाही हे आपण कौतुकानं सांगतो, पण त्याचा अर्थ असाही होतो की जुन्या सेटिंग नव्या प्रोग्रॅमला जुळतात का, हे कुणीच तपासत नाही.

त्यांचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, मेनू आणि पॅनल सांभाळणारा संच, एक्सएफसीई. त्याच्या ४.१४ आवृत्तीच्या पॅनलमध्ये जीटीके २ आणि जीटीके ३ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) अशा दोन्ही पिढ्यांचे प्लगइन, म्हणजे पॅनलला जोडायचे छोटे भाग, चालत. डिसेंबर २०२० मध्ये ४.१६ आली आणि जीटीके २चा आधार संपला. ताईंची आठ चित्रं म्हणजे वेगवेगळे लाँचर (एकेक प्रोग्रॅम उघडणारी बटणं) नव्हतेच. दोन ओळींत चित्रं मांडणारा एक जुना प्लगइन होता, जीटीके २चा, आणि नव्या पिढीसाठी तो कुणी पुन्हा लिहिला नव्हता.

यातली सगळ्यात खटकलेली गोष्ट मला सत्राच्या त्रुटींच्या नोंदीत सापडली. प्लगइन मिळाला नाही आणि त्याची नोंद कॉन्फिगरेशनमधून काढून टाकली आहे, अशा अर्थाची एक ओळ. म्हणजे ताईंनी सकाळी लॉगिन केल्याक्षणी पॅनलनं तो प्लगइन शोधला, नाही मिळाला, आणि यादीतून खोडून मोकळं झालं. विचारलं नाही, पडद्यावर सांगितलं नाही. आता जुना प्लगइन कुठून पैदा केला असता तरी पॅनलला त्याची आठवण नव्हती.

पण खोडली गेली ती एक्सएफकॉन्फमधली, म्हणजे एक्सएफसीई सेटिंग ठेवतं तिथली नोंद. प्लगइनची स्वतःची सेटिंगची फाइल (आरसी फाइल) पॅनलच्या फोल्डरात तशीच होती, आणि तीत आठही चित्रं क्रमानं लिहिलेली होती. सहकारी जे फोल्डर उडवायला निघाला होता, तेच हे फोल्डर.

त्या यादीवरून आठ साधे लाँचर बनवले. पॅनलला दोन ओळी दिल्या की लाँचर दोन ओळींत बसतात, पण क्रम फसवा. जुना प्लगइन वरची ओळ पूर्ण भरून खाली यायचा. पॅनल मात्र उभं भरतं: आधी वर एक, त्याच्या खाली एक, मग पुढचा स्तंभ. यादी सरळ दिली असती तर चित्रं सगळी आली असती आणि बहुतेक सगळी चुकीच्या जागी. म्हणून क्रम १, ५, २, ६, ३, ७, ४, ८ असा गुंफला. हे करण्याआधी ताईंना लॉगआउट करून कन्सोलवर, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांच्या पडद्यावर गेलो, कारण एक्सएफकॉन्फची सेवा चालू असताना तिची मांडणीची एक्सएमएल फाइल हातानं सुधारली तर ती सेवा स्मृतीतली जुनी मांडणी त्यावर पुन्हा लिहू शकते. या एका गोष्टीनं कितीतरी जण हैराण होतात आणि शेवटी सगळंच उडवतात.

तरी एक चित्र मुकंच राहिलं. दाबलं की काही होईना. ते पीडीएफ वाचणाऱ्या इव्हिन्सचं. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या बऱ्याच प्रोग्रॅमांप्रमाणे त्याच्याही मेनू-फाइलीचं नाव मागे बदललं, पुढे 'ऑर्ग डॉट ग्नोम' लागलं, आणि यादीत नाव जुनंच होतं. ते बदललं. मेनूतही एक नोंद दोनदा दिसत होती, कारण कधीतरी मेनू एडिटरनं होम फोल्डरात तिची प्रत करून ठेवली होती. एकाच नावाच्या दोन फाइली असल्या की होममधली प्रत जिंकते. इथे मूळ फाइलीचं नाव बदलल्यामुळे दोन्ही जिवंत राहिल्या होत्या.

ताई बसल्या. माउस खाली डावीकडे नेला, भिंग उघडलं, नोंदवही उघडली. मग म्हणाल्या, "दोन चित्रांतलं अंतर कमी झालंय का?" झालं होतं. जुना प्लगइन चित्रांमध्ये थोडी जागा सोडायचा. पॅनलची उंची वाढवून चित्रं मोठी केली, तेवढंच जमलं. पुढचे काही दिवस त्या अधूनमधून शेजारचं चित्र दाबत होत्या, आणि मला ते जुनं अंतर आजही पूर्ण जुळवता आलेलं नाही.

आता अपग्रेडआधी प्रत्येकाच्या पॅनलची प्रत पॅनल प्रोफाइल्स या एक्सएफसीईच्या साधनात काढतो, आणि कोणते प्लगइन जुन्या जीटीकेवर आहेत ते त्या माणसाला आधीच दाखवतो. सहकारी याला जादा काम म्हणतो. ताईंच्या विभागातली यादी मात्र मी स्वतःच करतो.