शिशाची तार आणि पाच दिवस

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मी ‘घरातल्या तापमानाला धातूंमध्ये होणारा क्रीप’ (म्हणजे कायम भाराखाली धातूचे हळूहळू लांबत जाणे) हा विषय घेतला, तेव्हा तारेला वजन टांगायचे आणि ती किती लांबते ते मोजायचे, एवढेच काम आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिले दोन प्रयत्न वाया गेले.

३ मिलिमीटर व्यासाची शिशाची तार वेटोळे करून मिळाली होती. ती हातानेच सरळ करून मी माळ्याच्या हुकाला बांधली आणि खाली ४ किलो वजन अडकवले. पहिल्या दहा मिनिटांत खालची खूण झरझर उतरल्याने मी खूश झालो. पण तार लांबत नव्हती, तिच्यातले उरलेसुरले बाक सुटत होते. दुसऱ्या खेपेस ती दोन फळ्यांमध्ये लाटून सरळ केली, तर रात्रीतून गाठीपाशी तुटली, आणि वजन फरशीवर आदळल्याच्या आवाजाने आई दचकून उठली. तिसऱ्या वेळी दोन्ही टोके गुळगुळीत नळीवर तीन-तीन वेढे देऊन पकडली आणि वजनाखाली वाळूची बादली ठेवली. तारेवर ५०० मिलिमीटर अंतराने दोन सुया चिकटवल्या आणि दोन्हींची नोंद घ्यायचे ठरवले, म्हणजे वेढे थोडे सरकले तरी फरक खरा राहील.

१ तासाने तार ३ मिलिमीटर लांबली होती, ८ तासांनी साडेसहा आणि २७ तासांनी ११. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड आंद्रादे यांनी १९१० मध्ये शिशाच्या तारांवरच असे प्रयोग करून, सुरुवातीचे लांबणे काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात होते आणि त्यात पुढे एका स्थिर वेगाची भर पडते, असे दाखवले होते. नुसत्या घनमुळाने माझे आकडे ३, ६ आणि ९ आले असते; वरची वाढ त्या स्थिर वेगाची. तार लांबते तशी बारीक होते आणि तेवढ्याच वजनाने तिच्यातला ताण वाढतो, ही अडचणही त्यांनी ओळखली होती. त्यांचे वजन खास आकाराचे होते. तार लांबेल तसे ते द्रवात अधिक बुडे आणि भार आपोआप कमी होई. माझ्याकडे तशी सोय नव्हती, म्हणून शेवटच्या नोंदी मी जरा साशंकतेनेच वापरल्या.

शेजारी त्याच ४ किलोखाली सळ्या बांधायची लोखंडी तार टांगली होती. ती कितीतरी बारीक, म्हणजे तिच्यातला ताण सहापट, तरीही तिची सुई जागची हलली नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजल्यास ६०० केल्व्हिनला वितळते. आपल्या खोलीचे ३०० केल्व्हिन हे त्याच्या वितळबिंदूच्या निम्मे झाले. एवढ्या उष्णतेत अणूंना जागा बदलता येतात, स्फटिकातले अडलेले दोष, ज्यांना डिस्लोकेशन म्हणतात, ते अडथळ्यांवरून वाट काढतात आणि स्फटिककण एकमेकांवरून घसरतात. लोखंडाला त्याच्या निम्म्यापर्यंत न्यायचे, तर ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे जावे लागेल.

पाचव्या दिवशी खुणांमधले अंतर ५२४ मिलिमीटर भरले. वजन काढले, तासभर थांबलो, पुन्हा मोजले. अंतर तेवढेच होते.