बाटल्यांच्या जागा: बडोद्यातली यंदाची प्रगती

जुन्या बाटल्या शोधायला यंदा नदीकाठ जवळजवळ सोडलाच. विश्वामित्री नदीच्या घळींत काच भरपूर, पण पुराने कुठून कुठे लोटलेली. घासून पांढरी पडलेली, वर आजोबांच्या काळातली आणि तिच्याखाली परवाची. त्यात थंडीत मगरी उन्हाला येऊन पसरतात. चिखलातली मगर ओंडक्यासारखी दिसते, हे नव्या मंडळींना सांगून ठेवतो.

आता आधी एवढंच बघतो, की बाटली रिकामी कुणी केली आणि टाकली कुठे. बीअर, ब्रँडी, सोडा हा माल कॅम्पातला, म्हणजे फत्तेगंजच्या बाजूचा, जिथे इंग्रजांची छावणी होती. तिथे आता मोकळी जागा नावालाच, त्यामुळे कुणाचा पाया खणला जातोय यावर लक्ष ठेवायचं. तिथल्या काचेसाठी एक सोयीची रेघ आहे, १९४९. त्या वर्षी १ मे रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि मुंबईचा दारूबंदी कायदाही त्याच वर्षीचा. विलायती बाटल्यांचा राजरोस टाकलेला ढीग दिसला, तर तो बहुतेक त्याआधीचा. (नंतरच्या बाटल्या लोक असं उघड्यावर टाकत नव्हते, एवढंच म्हणतो.) म्हणूनच भंगारवाल्याकडे ‘दारूच्या जुन्या बाटल्या’ मागू नका, तो संशयाने बघतो. गुजरातीत ‘दवानी जूनी शीशी’ (औषधाची जुनी बाटली) म्हटलं की पोतं उलटं करतो.

खरी कमाई मात्र दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या पडत्या वाड्यांची. वाडा पाडणाऱ्याला सागवान हवं असतं, लोखंड हवं असतं. बाटल्या कुणालाच नको असतात. माळा आणि जिन्याखालची सांदी आधी बघा, मग विहिरीचा कडेला टाकलेला गाळ, आणि शेवटी मागच्या अंगणातला शोषखड्डा. खड्ड्यात उतरायचं नाही, भिंती ढासळतात. वर काढलेली माती चाळायची. मालकांची परवानगी हवीच, आणि संरक्षित वास्तूच्या आसपास कुदळ लावायचीच नाही.

अशाच एका मातीत गडद निळी, सहा बाजूंची बाटली मिळाली. तीन बाजूंना उभ्या फासळ्या, पुढे उठावात ‘नॉट टू बी टेकन’. विषारी औषधाची. कंदिलाच्या उजेडात हात चुकीच्या बाटलीवर गेला, तर बोटांनाच कळावं म्हणून त्या फासळ्या. साच्याची शिवण मानेपर्यंत येऊन ओठाखाली संपते, म्हणजे ओठ हाताने घडवलेला. शिवण थेट ओठावरून गेली असेल तर यंत्राची बाटली. ओवेन्सचं बाटल्या घडवणारं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचं, तेव्हा वय ठरवायला आधी नख शिवणीवरून फिरवा, रंगावर नंतर जा. वाड्यातल्या आजी बघून म्हणाल्या, “अहो, ही मोरीच्या फळीवर असायची. आम्हाला हात लावायची बंदी!”

त्याच ढिगात तपकिरी औषधाच्या बाटल्याही होत्या, एकीच्या बुडाला ‘अलेंबिक’. १९०७ मध्ये इथेच सुरू झालेली कंपनी, त्यामुळे तिच्या बाटल्या बडोद्यात पैशाला पासरी. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी अदलाबदलीसाठी जरूर विचारावं.

गोटी सोड्याची अख्खी बाटली अजून नाही. पोरं गोटीसाठी फोडायची, फुटक्या माना तेवढ्या सापडतात. ही बाटली काढणाऱ्या कॉडचं पेटंट १८७२ चं असलं तरी आपल्याकडे ही बाटली इतकी वर्षं चालली, की नुसती गोटी बघून तिला शंभर वर्षांची म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. शुक्रवारी बाजारात असे बरेच भेटतात.

पुढचा बेत रावपुऱ्यातल्या एका विहिरीचा. दिवाळीनंतर ती उपसणार आहेत. गाळ माझ्यासाठी बाजूला ठेवायचं मालक काकांनी कबूल केलंय, फक्त नंतर तो उचलून न्यायचा ट्रॅक्टर माझ्या खर्चाने.