पहाटे थांबणारं सिको ५: ७एस२६ची नोंद

सध्या बाकावर जुनं सिको ५ आहे, आत ७एस२६ मशीन. तक्रार नेहमीचीच: दिवसभर हातात असतं, रात्री काढून ठेवलं की पहाटे बंद. या मशीनला हातानं चावी देता येत नाही. चावी ओढून तारीख-वार लागतो, काटे फिरतात, पण स्प्रिंग भरते ती फक्त रोटरनं, म्हणजे मनगटाबरोबर फिरणाऱ्या आतल्या अर्धगोल वजनानं. म्हणून आधी एकच गोष्ट ठरवायची: स्प्रिंग धरत नाही, की हात तिला पुरत नाही? हे न ठरवता मशीन सोडवायला घेऊ नका.

पहिली चाचणी स्प्रिंगची. मागचं झाकण उघडा, रोटर बाजूला सरकवा, रॅचेट चाकाच्या (स्प्रिंग गुंडाळणाऱ्या चाकाच्या) स्क्रूत बरोबर बसणारा पेचकस लावा आणि घड्याळाच्या दिशेनं सुमारे आठ फेरे द्या. उलटं फिरवलं तर स्क्रूच सुटेल. आठ फेऱ्यांत स्प्रिंग भरते. मग डायल वर करून ठेवा आणि थांबण्याची वेळ लिहा. कंपनीचा आकडा ४१ तासांचा. पंचवीस-तीस तासांतच थांबलं, तर स्प्रिंग ड्रममध्ये, म्हणजे तिच्या गोल डबीत, वेळेआधी घसरते आहे किंवा चाकांत मळ आहे. ऑटोमॅटिकची स्प्रिंग ड्रमला पक्की अडकवलेली नसते. पूर्ण भरल्यावर तिनं घसरावं आणि रोटर मोकळा फिरत राहावा, अशीच ती रचना आहे. ड्रमच्या भिंतीवर चुकीचं ग्रीस लागलं की ती अर्धवट भरलेली असतानाच घसरते. या घड्याळानं चाळीस तास ओलांडले, म्हणजे स्प्रिंग चांगली आहे.

दुसरी चाचणी हाताची. घड्याळ पूर्ण थांबू द्या. सकाळी ८ला अर्धा मिनिट आडवं हलवून चालू करा आणि रोजच्यासारखं वापरा. रात्री १०ला काढा, थांबण्याची वेळ लिहा. हे घड्याळ सकाळी ६ला थांबलं. म्हणजे हातावरचे १४ तास आणि नंतरचे ८, मिळून दिवसभरात २२ तासांची भर. खर्च मात्र २४ तासांचा. रोजची तूट २ तासांची.

ही तूट लगेच दिसत नाही, म्हणूनच माणूस फसतो. स्प्रिंग पूर्ण भरून सुरुवात केली, तर पहिल्या दिवशी जास्तीची भर घसरून वाया जाते आणि रात्री १०ला शिल्लक ४१ तास. सकाळी ८ला ३१. दुसऱ्या सकाळी २९, तिसऱ्या सकाळी २७. असं उतरत सोळा-सतरा दिवसांनी घड्याळ पहाटे थांबतं, आणि 'कालपर्यंत नीट चालत होतं' असं वाटतं. सकाळी अर्धा मिनिट हलवलेलं घड्याळ चालू होतं, भरत नाही, हेही याच हिशेबात येतं.

हात म्हणजे हालचाल नव्हे, तर मनगटाची दिशा बदलणं. रोटर जड बाजू खाली ठेवू पाहतो. मनगट वळलं तरच तो फिरतो. बेळगावच्या वडगावात पॉवरलूमवर तुटलेले धागे जोडत मागांमधून चालणाऱ्या माणसाचं घड्याळ मजेत भरतं. गल्ल्यावर किंवा संगणकासमोर बसणाऱ्याचं तितकं नाही. खानापूरच्या रस्त्यावर दुचाकीचे हादरे कितीही बसले, तरी हँडलवरचं मनगट एकाच दिशेत असतं, रोटर जागच्या जागी थरथरतो आणि भर थोडीच पडते. विंडरवर (घड्याळ फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर) लावायचं असेल तर दिवसाला ६५० ते ८०० फेरे ही नेहमीची मर्यादा.

आता मूळ दोष. ७एस२६मध्ये मॅजिक लिव्हर आहे. १९५९पासूनची सिकोची ही युक्ती अजूनही सुंदर वाटते: एका लिव्हरला दोन बोटं, एक बोट चाक ओढतं, दुसरं ढकलतं, त्यामुळे रोटर कुठल्याही बाजूला फिरला तरी स्प्रिंग भरते. मियोटा ८२१५ या दुसऱ्या ऑटोमॅटिक मशीनमध्ये तसं नाही, तिथं एकाच बाजूची फेरी कामी येते. तपासणी सोपी आहे. दहापट भिंग लावा, रोटर बोटानं सावकाश दोन्हीकडे फिरवा आणि लिव्हरखालच्या दातांच्या चाकाकडे बघा. या घड्याळात एका बाजूला फिरवताना चाक सरकत होतं, दुसऱ्या बाजूला लिव्हर नुसता हलत होता. ओढणाऱ्या बोटावर तपकिरी, चिकट तेल होतं. बोट दातावर पडतच नव्हतं. कुणीतरी मायेनं घातलेलं तेल. बोटांची टोकं कोरडीच राहिली पाहिजेत.

झाकणाची आतली बाजूही बघून ठेवा. तिथं कमानीसारखी चकचकीत रेघ दिसली तर रोटरचं बेअरिंग ढिलं झालंय आणि तो झाकणाला घासतोय. इथं रेघ नव्हती.

लिव्हर आणि चाक काढून लायटरच्या पेट्रोलात धुतलं, कोरडं केलं, टोकांना काहीही न लावता बसवलं. आता दोन्ही बाजूंनी चाक सरकतं.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकजवळ (लोखंडी काम धरून ठेवणाऱ्या चुंबकाजवळ) घड्याळ नेऊ नका. हेअरस्प्रिंगची, म्हणजे वेळ राखणाऱ्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळतं. हा भरण्याचा दोष नव्हे, चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझरनं जातो.

झाकण बंद केलंय, रबरी वॉशरला पुसट सिलिकॉन ग्रीस लावलंय. पावसाळ्याच्या दमट हवेत ते विसरलं तर काचेत वाफ धरते. घड्याळ पुन्हा पूर्ण थांबू दिलंय. उद्या ८ वाजता त्याच मनगटावर दुसरी चाचणी परत. थांबण्याची वेळ ६च्या पुढे किती सरकते, तेवढंच आता लिहायचं.