पत्रा चार महिन्यांत सरळ झाला, फॉर्म ३५ ला सात लागले

आधीच सांगतो, गाडीने मला फारसा त्रास दिला नाही. त्रास दिला एका बँकेने, जिच्यात माझं साधं बचत खातंही नाही. फॉर्म ३५ म्हणजे आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा कागद, तो तिच्याकडूनच घ्यायचा होता.

गाडी फियाटची अबार्थ पुंटो. बाहेरून आपली नेहमीची पुंटो, आत १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ बीएचपी. २०१५ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम ९.९५ लाख. बनायची रांजणगावात, तरी मला ती इंपोर्टेडच वाटायची. माझी एमएच १३, म्हणजे सोलापूर पासिंगची. माझ्याकडे येण्याआधी टेंभुर्णीजवळ रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली. ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, गळीत हंगामात आमच्याकडे हे रोजचंच. चालवणारा वाचला. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर जात होता, त्यामुळे टोटल लॉस, आणि सांगाडा ऑनलाइन लिलावात. ओळखीच्या भंगारवाल्याच्या खात्यातून बोली लावली, १ लाख ४२ हजारांना मिळाली. घरी आकडा थोडा कमी सांगितला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गॅरेजवाल्या चाचांनी ती फ्लॅटबेडवरून उतरताना बघितली आणि विचारलं, "ह्याच्यात काय करतूस बे? कोंबड्या पाळतूस का?" त्यांनीच चार महिन्यांत उभी केली. बॉनेट आणि फेंडर पुंटो इव्होचे बसतात, इंजिनचं बरंचसं सामान लिनिया टी-जेटचं. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारात दोन खेपांत बहुतेक सगळं मिळालं. एअरबॅग मात्र भंगारातल्या घेऊ नका. त्या उडाल्या की सीटबेल्टचे प्रीटेन्शनरही (धडकेत पट्टा ओढून धरणारे) जातात, एअरबॅगच्या मोड्यूलचंही काम निघतं, आणि लिलावाच्या फोटोत यातलं काही दिसत नाही. माझा सगळ्यात मोठा खर्च तोच. रंगाच्या आधी चाचांनी टेप लावून पुढच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, नऊ मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे चौकट अजून तिरकी. पुन्हा बांधून ओढली. रंगाची घाई मलाच होती, त्यांना नव्हती.

दिवाळीत गाडी सुरू झाली. आता नावावर करायची, आठ दिवसांचं काम, असा माझा समज. दुरुस्तीच्या पहिल्याच दिवशी कागदांना हात घालायला हवा होता.

बोली लावण्याआधी मी परिवहन खात्याच्या पोर्टलवर आरसी बघितली होती. ती चालू होती. (हे न बघता बोली लावू नका. टोटल लॉसनंतर आरसी रद्द झाली असेल तर ती गाडी नाही, नुसते पार्ट आहेत.) त्याच पानावर फायनान्सर म्हणून एका बँकेचं नाव होतं. विमा कंपनीने बँकेचं देणं फेडलं, उरलेले पैसे मालकाला दिले, म्हणजे विषय संपला असं मी धरलं. पण कर्ज फिटतं ते बँकेच्या हिशेबात. आरसीवरचा बोजा तसाच राहतो. तो उतरवायला फॉर्म ३५ लागतो, त्यावर बँकेचा सही-शिक्का आणि मूळ मालकाची सही. मालक पैसे घेऊन हैदराबादला गेलेला. भला माणूस, पण त्याला त्या गाडीचं नावही नको होतं.

बँकेत पहिली खेप. "तुम्ही खातेदार नाही, माहिती देता येणार नाही." बरोबर आहे. हैदराबादहून अधिकारपत्र मागवलं.

दुसऱ्या खेपेला कळलं की मधल्या काळात ही बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आहे आणि जुन्या कर्जांच्या फायली पुण्याला गेल्या आहेत. तिसऱ्या खेपेला फाइल सापडली, पण कर्जखात्यावर ४७२ रुपये बाकी! कशाचे? कसला तरी चार्ज. मी पाचशेची नोट काढून काउंटरवर ठेवली. "असे भरता येणार नाहीत, खातं मायग्रेशनमध्ये अडकलंय." मोडलेली चौकट ओढून सरळ होते, ४७२ रुपये भरता येत नाहीत. तेवढ्यात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली, त्या टेबलाच्या बाई आठवडाभर रजेवर. त्यांची रजा चुकीची नव्हती, नंदीध्वज बघायला मीही गेलो होतोच.

फेब्रुवारीत फॉर्म ३५ हातात पडला. पेढे घेतले आणि आरटीओत गेलो. तिथल्या क्लार्कने अर्ध्या मिनिटात परत दिला: आरसीवर जुन्या बँकेचं नाव, फॉर्मवर नवीनचा शिक्का, विलीनीकरणाचं पत्र जोडा. त्याचं चूक नव्हतं. बँकेत आलो तर उत्तर मिळालं, "सगळ्या देशाला माहीत आहे, त्याचं काय पत्र द्यायचं?" त्या दिवशी मी आवाज चढवला. फायदा काही झाला नाही, उलट पुढच्या खेपेला त्याच बाईंसमोर मान खाली घालून बसावं लागलं.

मी सगळं तोंडी विचारत होतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तोंडी विचारलेल्याचं तिथे कुणी देणं लागत नाही. शेवटी मालकाच्या नावाने लेखी तक्रार दिली, आवक शिक्क्याची पोहोच घेतली आणि खाली एक ओळ लिहिली: ३० दिवसांत निकाल न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. नवव्या दिवशी पत्र आलं. लेटरहेडवर, तीन ओळींचं.

तोवर फॉर्म ३५ ची तारीख तीन महिन्यांच्या पलीकडे गेली होती. नवा फॉर्म, पुन्हा हैदराबाद, पुन्हा कुरियर. म्हणून सांगतो, मालक एकदा समोर आला की फॉर्म २९, ३० (गाडी नावावर करायचे) आणि ३५ च्या जादा प्रतींवर सह्या घेऊन ठेवा. त्याचा मोबाइल नंबर चालू आहे ना तेही बघा, ओटीपी त्याच्याकडे जातो. थकलेले ई-चलानही आधी भरा. माझ्या गाडीवर तीन निघाले, तिन्ही वेगाचे. मालकाला फोन केला तर तो पहिल्यांदाच हसला.

आणखी एक राहिलं. टोटल लॉसनंतर जुना विमा संपलेला असतो आणि हस्तांतरणाला चालू विमा लागतो. मी मूळ मालकाच्या नावानेच थर्ड पार्टी काढला, नंतर बदलला. चेसिस नंबर कुठे ठोकला आहे तेही लिलावाआधी यार्डात जाऊन बघा. तो चेपलेल्या पत्र्यावर असेल तर तो पत्रा कापता येत नाही.

एप्रिल-मे गाडी शेडमध्ये उभी. बाहेर ४३ डिग्री, बॅटरी दोनदा बसली. चाचा रोज विचारायचे, "आली का बँकेची वरात?" जूनमध्ये पोस्टाने आरसी आली, माझ्या नावाची, फायनान्सरचा रकाना रिकामा. त्या रात्री मोहोळपर्यंत जाऊन आलो. उसाचा हंगाम नव्हता, तरी प्रत्येक ट्रॅक्टरमागे वेग कमी होत होता.

४७२ रुपयांचं शेवटी काय झालं ते कुणीच सांगितलं नाही. विलीनीकरणाचं पत्र मात्र मी लॅमिनेट करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं आहे. सोलापुरात कुणाच्या आरसीवर त्याच जुन्या बँकेचं नाव अडकलं असेल तर या, झेरॉक्स घेऊन जा.