तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरची मरिया

"सर, तुम्ही ख्रिस्ती नाही, मग दारासमोरच मरियेचं चित्र कसं?" घरी पहिल्यांदा येणारं जवळपास प्रत्येक जण विचारतं. चित्रकार मित्रांचा प्रश्न जरा वेगळा असतो: "लावायचंच होतं तर बुगरो कशाला? नुसता गुळगुळीतपणा!" दोघांनाही माझं उत्तर एकच आहे.

ते चित्र म्हणजे फ्रेंच चित्रकार विल्यम-आदोल्फ बुगरोचं 'पिएता', १८७६ सालचं. पिएता म्हणजे मृत येशूला कुशीत घेतलेल्या त्याच्या आईचं, मरियेचं, चित्र किंवा शिल्प. काळ्या वस्त्रातली मरिया, तिच्या कुशीत क्रुसावरून उतरवलेला येशू, भोवती रंगीत वस्त्रांतल्या देवदूतांची दाटी.

गुळगुळीतपणाचा आरोप खरा आहे. फ्रेंच कला अकादमीच्या शिस्तीत ब्रशचा फटकारा दिसला की काम कच्चं. आधी पेन्सिलची रेखाटनं, मग रंगातला छोटा मसुदा, मग पूर्ण मापाचं रेखाचित्र, आणि मग कुठे कॅनव्हास. चित्रकार एदगार दगा आणि त्याची मित्रमंडळी अशा घोटलेल्या कामाला बुगरोच्याच नावावरून हिणवायची. ज्या वर्षी 'पिएता' पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, लागलं, त्याच वर्षी त्याच शहरात इंप्रेशनिस्टांचं, म्हणजे ब्रशचे मोकळे फटकारे उघड दिसू देणाऱ्या चित्रकारांचं, दुसरं स्वतंत्र प्रदर्शन भरलं होतं. पुढे बोलबाला त्यांचा झाला. मलाही ते आवडतात. पण हे चित्र मला त्यांच्याकडे सापडलं नसतं.

मरियेचे डोळे बघा. तरुणपणी बुगरो रोमला शिकून आला होता. तिथल्या मायकेलअँजेलोच्या संगमरवरी 'पिएता'तल्या मरियेची नजर खाली, मुलाकडे आहे; चेहरा शांत. बुगरोची मरिया थेट समोर बघते, आपल्याकडे. पापण्यांच्या कडा रडून रडून लाल झाल्यात. एवढ्या नितळ, घोटलेल्या चेहऱ्यावर ती लाली झाकताच येत नाही. फटकाऱ्यांच्या गर्दीत ती हरवली असती, असं मला मनापासून वाटतं.

आता खाली या. पायाशी पांढऱ्या कापडावर काट्यांचा मुकुट आहे, शेजारी एक सोनेरी कलश. कलशावर लॅटिन अक्षरं आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती नक्षीच वाटली होती. तो स्मृतिलेख आहे: बुगरोच्या मुलाचा, जोर्जचा. १८७५ च्या जुलैत तो गेला. बापानं पुढच्याच वर्षी हे चित्र केलं आणि मुलाचं नाव येशूच्या पायाशी लिहून ठेवलं. १८७७ मध्ये त्याची बायको, नेली नावाची, आणि तान्हा मुलगा मोरिसही गेले. त्या वर्षी त्यानं पुन्हा मरियाच रंगवली. तिच्या मांडीवर एक आई कोसळलेली आणि खाली तिचं गेलेलं बाळ.

माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हा आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे अशीच बघायची. बोलायची नाही, नजरही काढायची नाही. लोक अवघडून चहाचा कप उचलायचे. म्हणून हे चित्र दारासमोर.

फ्रेम टांगली त्या दिवशी आई बराच वेळ समोर उभी होती. कलशावर काय लिहिलंय ते मी तिला सांगितलं.

"केवढा होता?" तिनं विचारलं.

"सोळा वर्षांचा."

तिनं पदरानं काच पुसली आणि फ्रेम जरा डावीकडे सरकवून सरळ केली.