डॉलर लावा

रिफंड मागणारा माणूस आम्हाला आवडतो, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. पण ऑनलाइन कोर्सची कम्युनिटी सांभाळणाऱ्या कोणालाही विचारून बघा. लोक भांडून जात नाहीत. दुसऱ्या आठवड्यात कॅमेरा बंद होतो, तिसऱ्यात लाइव्ह सेशनला नाव दिसेनासं होतं आणि सर्टिफिकेटची यादी काढताना आपल्याला आठवतं, अरे, या ताई कुठे गेल्या? रिफंड मागणारा निदान सांगून तरी जातो.

त्या सोमवारी सकाळी एका ताईंचा असाच मेसेज आला. "मॅडम, कोर्स चांगला आहे. काकांनी खूप मदत केली. मलाच जमत नाहीये. शक्य असेल तर रिफंड द्या, नाही दिला तरी राग नाही."

रिफंडचा फॉर्म दोन मिनिटांचं काम. 'कारण' या रकान्यात मी डोळे झाकून 'वेळेअभावी' निवडते, कारण यादीत तेच पहिलं आहे. ('शिकवलेलं कळलं नाही' असा पर्यायच तिथे नाही. यादी कोर्स विकणाऱ्यांनी केली आहे, आणखी काय होणार.) पण त्या दिवशी मी मधल्या वाक्यावर अडकले. खूप मदत झाली आणि जमलं मात्र नाही, असं कसं?

काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने सभासद. स्प्रेडशीटचा (एक्सेलसारख्या हिशोबाच्या तक्त्यांचा) हा आठ आठवड्यांचा नवशिक्यांचा कोर्स त्यांनी पहिल्या बॅचला केला आणि नंतर हौसेने उत्तरं द्यायला थांबले. मानधन नाही, फक्त नावापुढे एक तारा. ऑनलाइन समूहांत नव्वद टक्के लोक नुसतं वाचतात, नऊ टक्के अधूनमधून लिहितात आणि एक टक्का माणसं सगळा गाडा ओढतात, असं वेबसाइट-वापराचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ साली मांडलं होतं. आमचा तो एक टक्का म्हणजे काका. रात्री साडेअकराला प्रश्न पडला तरी पाच मिनिटांत उत्तर हजर. 'पहिल्या उत्तराला लागलेला वेळ' हा आकडा मी दर महिन्याच्या मीटिंगमध्ये मिरवायचे. तो माझा नव्हता, काकांचा होता, पण स्लाइडवर नाव माझं असायचं.

तर ताईंचे प्रश्न काढले. सहा आठवड्यांत सात. सातही थ्रेडवर, म्हणजे प्रश्न आणि त्याखालच्या उत्तरांवर, 'सुटलं'ची हिरवी खूण. सगळ्यांच्या शेवटी ताईंचे हात जोडलेले.

पहिला प्रश्न टक्केवारीचा. बी-२ ला (बी कॉलममधलं दुसरं घर) एकूण बेरजेच्या बी-१२ ने भागलं, पहिल्या ओळीत उत्तर बरोबर, तोच फॉर्म्युला खालच्या ओळींत ओढल्यावर सगळीकडे शून्याने भागल्याची चूक. दुसरा प्रश्न: दर ई-१ मध्ये आहे, त्याने गुणलं, पहिली ओळ बरोबर, खाली सगळी शून्यं. तिसरा व्हीलुकअपचा, म्हणजे तक्त्यात नाव शोधून त्यापुढची माहिती आणणाऱ्या फॉर्म्युल्याचा: काही नावं सापडतात, काही समोर दिसत असून 'एनए', म्हणजे 'सापडलं नाही', येतं.

स्प्रेडशीट वापरणाऱ्यांना एव्हाना कळलं असेल. हे तीन प्रश्न नाहीतच, एकच आहे. फॉर्म्युला एक घर खाली ओढला की त्यातले पत्तेही एकेक घर खाली सरकतात. बी-१२ चं बी-१३ होतं, तिथे काही नाही, म्हणून शून्याने भागाकार. ई-१ चं ई-२ होतं, तेही रिकामं, म्हणून गुणाकार शून्य. व्हीलुकअपचा तक्ता तर हळूहळू खाली घसरत जातो आणि वरची नावं बाहेर पडतात. पत्ता जागेवर खिळवायचा तर त्यात डॉलरचं चिन्ह घालायचं, बी डॉलर १२. एफ-४ ची कळ दाबली की आपोआप येतं. हे एकदा डोक्यात बसलं की आयुष्यभराचं काम झालं.

काकांना ते पहिल्या प्रश्नालाच दिसलं होतं. त्यांचं उत्तर अक्षरशः असं: "डॉलर लावा, मग खाली ओढा." पुढे अंगठा.

आणि आता चौथ्या प्रश्नाचा स्क्रीनशॉट. मी तो पाहिला होता. काकांनी पाहिला होता. अजून बारा जणांनी तरी पाहिला असेल. ताईंच्या शीटमधल्या प्रत्येक रकमेआधी डॉलरचं चिन्ह होतं. वरच्या पट्टीतून चलनाचा फॉरमॅट निवडून त्यांनी अख्ख्या कॉलमला डॉलर लावला होता. सांगितलं तसं. फॉरमॅट बदलला की आकडा नुसता वेगळा दिसतो, पत्ते सरकायचे ते सरकतातच.

काकांना वाटलं, यांचा हिशोबच डॉलरमध्ये असेल. त्यांनी पूर्ण फॉर्म्युला टाइप करून दिला. ताईंनी तो चिकटवला, चालला, आभार, हिरवी खूण. पाचव्या, सहाव्या, सातव्या वेळी तसंच. नवी शीट, जुनी चूक, तयार उत्तर. सातवा प्रश्न सुरू होतो "पुन्हा एकदा मूर्ख प्रश्न विचारतेय, माफ करा" इथून.

आमच्या क्षेत्रात २०१३ चा एक किस्सा आवडीने सांगतात. ऑनलाइन कोर्स कसे चालवावेत हे शिकवणारा एक मोठा मोफत कोर्स पहिल्याच आठवड्यात थांबवावा लागला होता. चाळीस हजारांवर लोकांनी नाव नोंदवलं होतं, गट पाडायला सगळ्यांना एका सामाईक ऑनलाइन शीटवर पाठवलं आणि ती शीट कोसळली. मीही तो किस्सा हसत सांगते. पण तिथे मोडलेलं सगळ्या जगाला दिसलं. माझ्याकडे काहीच मोडलं नव्हतं. डॅशबोर्ड हिरवागार होता.

दुपारी ताईंना फोन केला. रिफंड होईल, म्हटलं, पण स्क्रीन शेअर करता का पाच मिनिटं? त्यांनी केली. एफ-४ दाबायला लावलं, बी आणि १२ च्या मध्ये डॉलर आला.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा डॉलर होय."

"हो."

"मी लावला होता ना हो डॉलर."

रिफंड त्यांनी घेतलाच. मी आग्रह केला नाही.

पुढच्या आठवड्यात मी 'सुटलं'चं बटण काढलं. आता विचारणाऱ्यानेच स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहायच्या, काय चुकलं होतं आणि काय बदललं, मगच थ्रेड बंद. निम्मे लोक लिहीत नाहीत. उघडे थ्रेड साचले, आकडा लाल झाला आणि कोर्स घेणाऱ्या सरांचा मेसेज आला, "कम्युनिटी स्लो झालीये का?" सर एरवी थ्रेडमध्ये फिरकत नाहीत. व्हिडिओतल्या प्रकाशयोजनेवर मात्र तासभर बोलतात.

काकांशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. मी शब्द फार जपून वापरले, तरी ते दुखावले. "म्हणजे माझ्यामुळे गेल्या त्या?" नाही म्हटलं, आणि ते खरंही आहे. पाच मिनिटांत उत्तर देणाऱ्या माणसाला शाबासकी मीच देत होते. आधी एक प्रश्न उलट विचारा, एवढंच सुचवलं. आता काका प्रत्येक थ्रेडवर, अगदी "पासवर्ड चालत नाही" यावरही, एकच वाक्य चिकटवतात: "आपण काय करून पाहिलंत?" रागाने की मनापासून, मला अजून ओळखता आलेलं नाही.

ताईंचे सात थ्रेड मी वेगळे काढून ठेवलेत. जुन्या खुणा मला ॲडमिनमधून काढता येतात. सात क्लिकचं काम आहे. पण त्या काढल्या की काकांच्या खात्यातले 'सोडवलेले प्रश्न' सातने कमी होतात आणि तो आकडा ते रोज बघतात, हे मला माहीत आहे. अजून काढलेल्या नाहीत.